परबकाकूंनी विचारलं म्हणून

भांडुपच्या आमच्या चाळीत कुणाला दिवस गेल्याचं कळलं, की परबकाकू तिला नळावर गाठायच्या आणि कळशी कमरेवर तशीच ठेवून चारचौघींत विचारायच्या, "लघवी तपासून घेतलंस काय गो?" ती बिचारी लाजून अर्धी व्हायची. बाकीच्या तोंडाला पदर लावायच्या. काकूंना कशाचं काही नसे. "दिवस जाताना लाजूक नाय, आता कित्याक लाजतंस?" असं म्हणून त्या नळाखाली कळशी लावायच्या. त्यांच्यामागे बायका त्यांना 'साखरबाई' म्हणत. आमच्या घरातही म्हणत.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्या मालवणाकडून लग्न होऊन आल्या, तेव्हा मी शाळेत होते. नवरा कारखान्यात फिटर, घरात सासू, दोन खोल्या. वर्षभरात त्यांना मुलगा झाला. कमरेखालचं त्याचं अंग वाढलंच नव्हतं. आठव्या दिवशी तो गेला. सासूने गॅलरीत बसून सगळ्यांना कारण सांगितलं, "गिराणात हिना विळयेर भाजी चिरल्यान." ग्रहण लागलं तेव्हा आपण अंथरुणावर पडूनच होतो, हे काकू ज्याला त्याला सांगत राहिल्या. कुणी ऐकलं नाही. पुढे त्यांनीच स्वतःवर संशय घ्यायला सुरुवात केली. एकदा मला म्हणाल्या, "झोपेत हात लागलो आसात काय गो विळयेक?"

तीन वर्षांनी मुलगी झाली. चांगली थोराड, गुबगुबीत. पण ओठ निळे. दूध पिताना दमायची. पाचव्या महिन्यात तिला मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरलं. परबकाकांची कारखान्यात पाळी होती, आणि मी त्या वर्षी मॅट्रिक झाले होते, इंग्रजी वाचता यायचं, म्हणून काकूंनी मला बरोबर घेतलं. कोणता कागद लागेल ते कळेना, तेव्हा नवऱ्याच्या ट्रंकेतले होते नव्हते ते सगळे कागद त्यांनी पिशवीत भरले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मुलीला तपासून त्यांनी कागद चाळले आणि एकावर थांबल्या. "हे तर पहिल्या वेळीच लिहून दिलंय. तुम्हाला मधुमेह आहे. साखर ताब्यात आल्याशिवाय दुसरं मूल होऊ देऊ नका, असं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

काकूंनी तो कागद माझ्या हातात दिला. "बाय, वाच गो, काय लिवलाहा ता."

दोनच ओळी होत्या. मी वाचल्या, मराठीत सांगितल्या.

आईच्या रक्तात साखर फार वाढलेली असेल तर बाळाच्या कण्यात, हृदयात व्यंग राहण्याचा धोका वाढतो, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. प्रत्येक वेळी होतंच असं नाही. पण जे होतं ते पहिल्या दोनेक महिन्यांत होतं, पुष्कळदा बाईला नीट कळायच्याही आधी.

काकूंनी एवढंच विचारलं, "म्हणजे ता गिराणाचा न्हवता?"

"नाही हो."

घरी आलो तर काका चहा पीत होते. काकूंनी कागद त्यांच्यासमोर धरला. "तुमका म्हायत होता?"

काकांनी बशी खाली ठेवली. "आयेन सांगल्यान, भायर बोला नको, तुकापण नको. बायकोक रोग आसा म्हटला तर लोक काय म्हणतले?"

काकूंनी मुलगी त्यांच्या मांडीवर ठेवली. "लोकांका बोलवा आता. हिचे ओठ बघूक."

मुलगी पुढच्याच महिन्यात गेली. काकू त्याच घरात राहिल्या, सासूचं शेवटपर्यंत केलं, नवऱ्याला डबा दिला. पण त्याच्याशी बोलल्या नाहीत. काचेची सिरिंज उकळून स्वतःच मांडीत इन्सुलिन टोचून घ्यायच्या. आणि नळावर तो प्रश्न विचारायला लागल्या. चाळीने त्यांना डोहाळजेवणाला, बारशाला बोलावणं बंद केलं.

काही वर्षांनी चौथा महिना लागल्यावर मी माहेरी आले. काकूंनी मलाही नळावर विचारलं. माझ्या आधी आईच उसळली, "तुझी दोन गेली म्हणून माझ्या लेकीवर नजर लावतेस?" काकू माझ्याकडे बघत होत्या. तो कागद वाचून दाखवणारी मीच होते. मी मान खाली घातली आणि बादली उचलली.

त्या दिवसांत मला सारखी तहान लागायची. दुसऱ्या दिवशी आईला न सांगता मुलुंडच्या प्रसूतिगृहात गेले. तिथल्या बाईने नळीत लघवीचे थेंब टाकून ती स्पिरिटच्या दिव्यावर धरली. आतलं निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं आणि विटेसारखं लाल होऊन थांबलं, म्हणजे साखर भरपूर. डॉक्टर म्हणाले, "बाळाचे अवयव एव्हाना बनून झालेत. त्यात आता काही करता येणार नाही. इथून पुढची साखर मात्र सांभाळू." आईला शक्तीची इंजेक्शनं म्हणून सांगून पाच महिने मी टोचून घेत होते आणि पोटावर हात ठेवून पाय हलतात का ते बघत होते.

मुलगा झाला. मी आधी त्याला पालथा करून पाठीवरून बोट फिरवलं. सगळं ठीक होतं. मग आईला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "कुठे बोलू नकोस."

बारशाला मी म्हटलं, "परबकाकूंना बोलाव."

"त्या बाईचा पाय नको पाळण्यापाशी."

मी पाळण्याला फुलं बांधायला घेतली. संध्याकाळी बाळाला घेऊन गॅलरीत उभी होते, तर काकू आपल्या दारातूनच म्हणाल्या, "पाय हलयता मा?" मी मान हलवली. "बरा झाला," म्हणाल्या आणि आत गेल्या. मधे दोन दारं होती. तुम्ही विचारलंत म्हणून मी गेले, एवढं सांगायला मला चार पावलंही टाकता आली नाहीत. पुढे माहेरी गेले तेव्हाही जमलं नाही.

दोन वर्षांनी त्यांच्या पायाची जखम चिघळली. मी घाटकोपरला, सासरी होते. आईचं पोस्टकार्ड आलं, नेहमीसारखं बारीक अक्षरात, काठोकाठ भरलेलं. मधे कुठेतरी लिहिलं होतं : 'गुरुवारी परबीण गेली. बाळाची सर्दी गेली नसेल तर सुंठ उगाळून लाव.'