आप्पांची खुर्ची आणि आमचे सुभेदार

काथ्या आणायला म्हणून हे सकाळी लोणंदला गेले आणि दुपारी तिथल्या दुकानदाराचा फोन आला... साहेब बसल्या जागी कलंडले, लगेच या. आम्ही साताऱ्याहून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दीड महिना झाला. लोक म्हणतात, सोन्यासारखं मरण आलं, कुणाला त्रास नाही. मला मात्र राग येतो. साताऱ्यात फोम ढिगानं मिळतो. पण खुर्चीत आधी काथ्या होता म्हणजे काथ्याच हवा, हा आमच्या निवृत्त सुभेदारांचा हट्ट.

खुर्ची माझ्या वडिलांची, आप्पांची. सांगलीचं घर आवरताना भावानं ती टेम्पोतनं पाठवली. माहेरचं तेवढंच माझ्या वाट्याला आलं. रेक्झीन फाटलेलं, बैठक खचलेली, पण मला ती आप्पांच्या वेळी होती तशी परत हवी होती. कारागिराकडं टाकू म्हटलं, तर हे म्हणाले, "त्यात काय हाय? फौजेत तंबू शिवल्यात आमी." पेन्शनीत आल्यापासून ह्यांचा हात लागला नाही अशी वस्तू घरात नव्हती, आणि हात लागल्यावर धड चालली अशाही फार नव्हत्या. खुर्ची उसवली मात्र झटक्यात. मग कितीतरी दिवस ती पोट फाडल्यासारखी बैठकीच्या खोलीत पडून, आणि हे शेजारी मोबाईलवर व्हिडिओ बघत बसलेले. आल्यागेल्याला ते काम दाखवायचे, मी तोंड लपवायची.

एका रविवारी शेजारच्या हवालदारांना हाक मारून ह्यांनी बैठकीची नवार ओढायला घेतली. दोघंही बराकीतल्या खाटा आवळलेले. एक इकडून, एक तिकडून, "खेच, आनखी खेच" चाललेलं.

"आवं, ती खाट न्हवं, खुर्ची हाय," मी ओरडले.

"ढिली नवार आमाला चालत न्हाई," हे म्हणाले, आणि मागच्या पायाचा सांधा काडकन उकलला. हवालदार चहा न घेताच निघून गेले. आप्पा दुसऱ्यांदा गेल्यासारखं मला झालं. मी ह्यांच्याशी बोलायचीच बंद झाले. पण लोणंदची टूम त्यातूनच निघाली... आता सगळं पहिल्यासारखं करून दाखवतो म्हणाले.

तेरावं झाल्यावर मुलगा कारागिराला घेऊन आला. "काकी, समदंच उकलाया लागंल," तो म्हणाला. करा म्हटलं. मला माझी खुर्ची हवीच होती. त्यानं नवार सोडवली, सांधा बसवला, बैठक भरली. राहिला खुर्चीचा डावा हात. ह्यांनी पुरा केलेला तेवढाच. सुरकुतलेलं कापड आणि त्यावर दाटीनं ठोकलेले वाकडेतिकडे खिळे. कारागीर पकड लावून घामाघूम झाला.

"लय ठोकल्यात वो. एक निघंना."

"ऱ्हाऊ दे तेवढा हात."

"वाईट दिसंल, काकी."

"दिसू दे," मी म्हटलं.

खुर्ची झाली, पण आप्पांची ती राहिली नाही, हे मला कळतंय. सकाळी चहा घेऊन बसले, डावं कोपर टेकलं, की वर राहिलेला एक खिळा नेमका टोचतो. "माणसाला साधा खिळा सरळ ठोकता येऊ नये?" मी मोठ्यानं म्हणते. रोज म्हणते. परवा मुलगा वैतागून म्हणाला, आई, दोन ठोके घालतो, बसेल तो आत. तेव्हापासून मी हातोडी लपवून ठेवली आहे.