तीन पोरींचा संत

नातवानं नाताळची लाल टोपी घातली की मला मार्थाबाई आठवतात. वालचंदनगरचा साखर कारखाना तेव्हा नवाच होता. मार्थाबाई आमच्या शेजारी राहायच्या. नाताळच्या दुपारी ओट्यावर बसून त्यांनी मला आणि थोरल्या आक्काला, हा लाल टोपीवाला नाताळबाबा ज्याच्यावरून आला त्या संत निकोलसची गोष्ट सांगितली. हुंड्यापायी तीन पोरींची लग्नं अडली होती. त्यानं गुपचूप त्यांच्या खिडकीतून सोनं टाकलं.

आक्काचं लग्न हुंडा न मागणाऱ्या एका म्हाताऱ्या बिजवराशी ठरलं होतं. तिनं हळूच विचारलं, "बाई, त्यो हितं येतो का वं?"

"न्हाय गं. त्याला जाऊन लई वर्षं झाली," म्हणत मार्थाबाईंनी तिला जवळ ओढलं.

मला तो भाबडा प्रश्न वाटला होता. आता कळतं, आक्कानं सुटका मागितली ती तेवढी एकदाच. माघात ती निमूटपणे बोहल्यावर चढली.