पाच रात्रींचे आकडे

हे मी नऊ वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. परवा दुपारी एका बाईला सांगितलं. सांगितल्यावर भीती कमी होईल असं वाटलं होतं — झाली नाही. उलट वाढली. म्हणून आता तुम्हाला सांगतेय. नीट सांगता येईल का? बघते.

मी शहाद्याकडच्या कळसाडीची. घरची केळी-कापसाची शेती, आणि मी पीएच.डी.साठी दूर एका डोंगरावरच्या दुर्बिणीवर. माझं काम एकाच क्वेसारचं. क्वेसार म्हणजे फार लांबच्या दीर्घिकेचा गाभा — इतका प्रखर की एवढ्या अंतरावरूनही ठिपक्यासारखा दिसतो. आमच्या क्वेसारच्या वाटेत मध्येच दुसरी एक दीर्घिका आलेली. तिच्या गुरुत्वाकर्षणानं प्रकाश वाकतो, दोन वाटांनी आपल्याकडे येतो, आणि एकाचे दोन ठिपके दिसतात. दुसऱ्या ठिपक्याची वाट लांबची. त्यामुळे पहिला आज उजळला, तर दुसरा काही आठवड्यांनी तसाच उजळणार — वस्तू एकच आहे ना. हा उशीर नेमका किती, ते मोजायचं. त्यावरून विश्व किती वेगानं पसरतंय याचा अंदाज येतो. पण दोन ठिपके इतके जवळ, की वरची हवा जरा थरथरली तरी एकमेकांत मिसळतात. जमिनीवरून बघायचं, तर ही हवा आलीच.

त्या वर्षी होळीला माझी चुलतभावंडं काठी गावाला निघाली होती. तिथली आदिवासींची राजवाडी होळी लहानपणापासून ऐकलेली, पाहिलेली कधी नाही. मलाही जायचं होतं — इतकंच. कुणी आजारी नव्हतं, काही अडचण नव्हती. पौर्णिमेच्या आसपास आकाश उजळ असतं, दुर्बिणीकडे फारसं कुणी फिरकत नाही. पाच रात्रींच्या सूचना मी संगणकाला देऊन ठेवल्या. दुर्बीण आपोआप चालणार होती. निघण्याआधी फोकस तपासायचा असतो, दहा मिनिटांचं काम. गाडी चुकेल म्हणून तेवढं सोडलं.

परत येऊन बघते, तर पाचही रात्रींच्या प्रतिमांत ताऱ्यांच्या जागी मेदूवड्यासारख्या कड्या. आमचे दोन ठिपके कुठले — एकच डाग.

खरं सांगायला काय हरकत होती? मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, रागावल्या असत्या. पण मी न सांगता गेले होते, आणि घाबरले. प्रतिमा पुसून टाकल्या. मग एका दुपारी चहा पीत पाच रात्रींचे आकडे मनानंच लिहिले. सगळे सारखे दिसले तर संशय येईल, म्हणून पहिल्या ठिपक्याला थोडं उजळवलं. अगदी थोडं.

मी काय करून बसले, ते तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या आठ दिवसांनी आलं — जेवताना. आता दुसराही उजळायला हवा होता. आणि तो उजळणार नव्हता.

मे महिन्यात दुर्बिणीवर यास्मीनची पाळी होती. शहाद्याच्या एका शिंप्याची मुलगी, माझ्यापेक्षा दोन वर्षं मागे. त्या परक्या मुलखात आम्ही दोघीच एकमेकींशी अहिराणी बोलायचो. मोजमापात तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. तिला दुसऱ्या ठिपक्यात काहीच उजळलेलं दिसलं नाही. कसं दिसणार?

मॅडमनी दोघींना बोलावलं. मला विचारलं, "तुझे मार्चचे आकडे पक्के आहेत?"

"हो."

"मूळ प्रतिमा?"

"डिस्क बिघडली, मॅडम."

त्यांनी विश्वास ठेवला. यास्मीनकडे वळून म्हणाल्या, "मग ठिपके वेगळे करण्यात तुझंच काहीतरी चुकतंय. पुन्हा कर."

तिनं पुन्हा केलं. आठ महिने करत राहिली. उत्तर दर वेळी तेच. एकदा मला म्हणाली, "ताई, मन्हंच काही चुकी ऱ्हायनं व्हई. तू देखी ले ना." मी तिच्या शेजारी बसले. तिचं काम बरोबर आहे हे जगात फक्त मला माहीत होतं — आणि मी त्यात चुका शोधल्या. हे बदल, ते बदल म्हणून सांगितलं. ती मान हलवत वहीत उतरवून घेत होती.

तिची शिष्यवृत्ती पुढे वाढली नाही. ती शहाद्याला परत गेली. माझे आकडे छापून आले, मला पदवी मिळाली, मग इकडे आपल्याच भागातल्या एका कॉलेजात नोकरी.

गेल्या महिन्यात परदेशातल्या एका संशोधकाची मेल आली. दुसऱ्या एका दुर्बिणीनं मार्चच्या त्याच पाच रात्री आकाशाचा तोच भाग टिपला होता, आणि तिच्यात पहिला ठिपका उजळलेला नाही. मूळ प्रतिमा पाठवाल का? — भाषा अगदी नम्र. तीन आठवडे मी झोपले नाही म्हटलं तरी चालेल. वर्गात फळ्याकडे वळले की वाटायचं, मागे कुणीतरी येऊन उभं आहे. शेवटी उत्तर लिहिलं — ते आकडे मी रचलेले आहेत. पण यास्मीनला हे बाहेरून कळू नये, म्हणून ते पाठवण्याआधी तिच्याकडे गेले.

ती घरीच शिकवण्या घेते. आत दहावीच्या मुली बसलेल्या. दारातच उभं राहून मी सगळं सांगितलं — काठी, कड्या, चहा, डिस्क.  तिनं विचारलं, "मंग मन्हं बरोबर व्हतं?"

"हो."

"आख्खं?"

"आख्खं."

ती आत गेली. दार लावून घेतलं. आतून तिचा आवाज आला, रोजच्यासारखा — "हां, कुठपर्यंत आलो होतो आपण?"

घरी येऊन मी ते उत्तर पाठवलं. मॅडमनाही पाठवलं. अजून कुणाचंच काही आलेलं नाही.