खाली माणसं आहेत

मेट्रोच्या कामात माती निघते, ती डंपर घेऊन जातो. किस्से निघतात ते कुठे टाकायचे, हे मात्र कोणी ठरवलेलं नाही. ते सगळे माझ्याकडेच साठलेत, म्हणून थोडे आज तुमच्या गळ्यात मारते.

माझं काम म्हटलं तर सोपं. गिरगावात आमच्या कंपनीचं भुयाराचं काम चाललंय, त्याची खबर दर महिन्याला आसपासच्या चाळींना द्यायची. ऑफिसात त्याला ‘कम्युनिटी अपडेट’ म्हणतात, चाळीत ‘मेट्रोवालीची सभा’. मेट्रोवाली म्हणजे मी. आईबापांनी ठेवलेलं सुजाता हे नाव आता फक्त आधार कार्डावर उरलंय. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेय, त्यामुळे भांडणाला घाबरत नाही.

पहिल्या सभेला आमच्या चव्हाण साहेबांनी, म्हणजे इंजिनिअरनी, तयार झालेल्या स्टेशनचं चित्र पडद्यावर दाखवलं. काचेची इमारत, झाडं, हातात कॉफी घेतलेली गोरीगोमटी माणसं. सगळे खूश! तेवढ्यात मागून एक हात वर आला. राणे मावशींचा. मावशी तळमजल्यावर एकट्या राहतात. यजमान जाऊन खूप वर्षं झाली, लेक डोंबिवलीला दिलेली.

“हे गिरगाव नव्हे,” मावशी म्हणाल्या. “एका तरी खिडकीत कपडे वाळत घातलेत का?”

पुढच्या सभेपर्यंत साहेबांनी चित्रात दोन साड्या आणि एक टॉवेल घालून आणला. मावशींनी बघितलं आणि म्हणाल्या, साड्या नीट झटकलेल्या नाहीत.

*

मावशींच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, परब वहिनींचं बिऱ्हाड. घर मालवणी, मिक्सरच्या वाटणाला तिथे किंमत नाही. उजाडलं की लोखंडी खलबत्ता सुरू. मधे लाकडी फळ्यांची जमीन, त्यामुळे वर ठोका पडला की खाली मावशींच्या चहात धूळ. हे भांडण माझ्या जन्माच्या आधीपासूनचं. दर सभेत मावशी तीच तक्रार मांडायच्या आणि मी दर वेळी सांगायची, मावशी, परब वहिनी मेट्रोच्या हद्दीत येत नाहीत.

मग आम्ही हादरे मोजायचं यंत्र मावशींच्या खोलीत बसवलं. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. आलेख नुसता उड्या मारत होता आणि भुयार खणणारं मशीन तर अजून कुठच्या कुठे! धापा टाकत खोलीवर पोचलो, तर मावशी निवांत बसलेल्या. त्यांनी छताकडे बोट केलं.

त्या आलेखाची कॉपी मागून घेतली बाईंनी आणि दाराला चिकटवली. सगळ्या चाळीने येऊन बघितली. परब वहिनीसुद्धा बघून गेल्या. चिडतील असं वाटलं होतं, पण कसलं काय! उंचच उंच रेघ बघून स्वारी खूश.

“माझो हात अजून चलता हां,” म्हणाल्या.

*

भेगांवर आम्ही काचेच्या बारीक पट्ट्या चिकटवतो. पट्टी तुटली की समजायचं भेग वाढली. परबांच्या स्वयंपाकघरातली पट्टी आठवड्यात तुटली. नवी लावली, तीही तुटली. साहेबांनी काम थांबवायची भाषा सुरू केली. शेवटी वहिनींनाच विचारलं, इथे नेमकं होतं काय?

त्या म्हणाल्या, काय होणार, रोज घासून पुसते. घरात काच असली की पुसायला नको?

*

मशीन चाळीखालून जाणार होतं त्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर मेसेज गेला, घाबरू नका, आम्ही जागेवर हजर आहोत. मी आणि साहेब सकाळपासून चाळीत. बघतो तर सगळीकडे चिडीचूप. मावशी अनवाणी चालतायत, टीव्ही बंद, पाट सरकवायचा तर दोन्ही हातांनी उचलून. मला वाटलं, घाबरल्या. तसं विचारल्यावर त्या माझ्यावरच डाफरल्या.

“हळू बोल गं. खाली माणसं आहेत.”

सगळा जन्म तळमजल्यावर गेलेला. त्यांच्या खाली कोणी असण्याची ही पहिलीच वेळ! साहेबांनी समजावलं, मावशी, मशीनवरचे कामगार फार खोल आहेत, त्यांना काही ऐकू जात नाही. त्यावर मावशी म्हणाल्या, “तुम्ही कधी कोणाच्या खाली राहिलायत का?”

साहेब साताऱ्याचे, स्वतःच्या बंगल्यात वाढलेले. त्या दिवशी वरचा खलबत्ताही वाजला नाही. वहिनींना मावशींनीच दम भरला होता.

*

पुढे स्टेशनच्या दारासाठी चाळ रिकामी करायची ठरली. नवी इमारत होईपर्यंत सगळ्यांना घोडपदेवला चार मजली इमारतीत खोल्या. कोणाला कुठली, ते चिठ्ठ्या टाकून. आदल्या दिवशी मावशी माझ्या केबिनमध्ये आल्या. दार लोटून घेतलं.

“मेट्रो, एक काम कर. माझ्या वर परबीणच दे.”

मी म्हटलं, मावशी, इतकी वर्षं तुम्ही...

“ती कुटायला लागली की कळतं, उजाडलं, माणसं आहेत,” त्या म्हणाल्या. “नवीन जागेत भिंती पक्क्या. काही ऐकू नाही आलं तर मी एकटीने करायचं काय?”

चिठ्ठ्या सगळ्यांसमोर निघणार होत्या, माझ्या हातात काही नव्हतं. परब निघाले तिसऱ्या मजल्यावर. मावशी निघाल्या चौथ्यावर, बरोब्बर त्यांच्या डोक्यावर! चाळीने टाळ्या पिटल्या, कोणी म्हणालं, मावशी, आता घ्या बदला. मावशी हसल्या नाहीत. चौथ्याच्या वर फक्त गच्ची होती.

*

तिथे गेल्यावर पंधरवड्याने मी खोल्या बघायला गेले. जिन्यातच ठोके ऐकू आले, ठण ठण ठण, पण तिसऱ्यावरून नाही. मावशींच्या दारात पोचले तर त्या नवाकोरा लोखंडी खलबत्ता पुढ्यात घेऊन बसलेल्या. जवळ जाऊन वाकून बघितलं. आत काहीच नव्हतं.

“मावशी, हा रिकामा आहे.”

“डोळे आहेत मला,” म्हणाल्या आणि पुन्हा सुरू.

महिनाअखेरीला तिथल्या गच्चीवर सभा झाली. तक्रारींची वेळ आली आणि हात वर केला परब वहिनींनी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! सगळे सरसावून बसले. मावशींनी पदर खोचला, म्हणजे उत्तर तयार होतं. साहेबांनी पेन उघडलं.

“काल वरसून आवाज येवक नाय,” वहिनी म्हणाल्या. “दोनदा जाऊन इलंय. दाराक कुलूप.”

मावशींनी पदर सोडला.

“लेकीकडे गेले होते.”

“मगे सांगान जावक नको?”

साहेब पेन धरून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळेना, हे लिहायचं कशात?

“लिहा की,” मी म्हटलं. “आवाजाची तक्रार.”