खंडेनवमीच्या दिवशी रिमोटला सुट्टी

परवा खंडेनवमीला आकुर्डीत, धाकट्या भावाच्या घरी, एका स्वस्त वायरलेस रिमोटने माझ्या संयमाची पूर्ण परीक्षा घेतली. रिमोटचा दोष किती आणि भावाचा किती, हे ठरवायला मला दोन दिवस लागले...

आधी प्रश्न मांडते. आम्ही तीन भावंडं, आणि आमचा तिघांचा एकही फोटो नाही. कारण उघड आहे... घरात कॅमेरा हाताळणारी मी एकटी, त्यामुळे प्रत्येक फोटोत मी सोडून सगळे आहेत.

परवा ताई कायमची बंगळुरूला निघाली होती, लेकीकडे. तिचा पुनावळ्याचा फ्लॅट रिकामा झाला होता. ती लेक, म्हणजे माझी भाची मेधा, सकाळीच किल्ल्या द्यायला तिकडे गेली होती. दुपारी टॅक्सी घेऊनच ती येणार, आणि मग थांबायला वेळ नाही. म्हणजे फोटो काढायचा तो तिच्या येण्याआधी, आणि तिघांनीच.

सेल्फ टायमर आहे की, असं काही जण म्हणतील. आहे, पण बटण दाबून दहा सेकंदांत आपल्या जागी जाऊन हसरा चेहरा करणं माझ्या गुडघ्यांना मान्य नाही. मोबाइल पुढे धरून काढलेल्या फोटोत माझं नाक अर्धी चौकट व्यापतं. वॉचमनकाकांनी मागे काढलेल्या फोटोत आमचे पाय उत्तम आले होते...

म्हणून रिमोट मागवला. त्याचे दोन भाग. एक आपल्या हातात, दुसरा कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतो. त्याला रिसीव्हर म्हणतात. सोबतचं माहितीपत्रक कोणी लिहिलं असेल त्याला वाक्य म्हणजे काय हे कधी कोणी सांगितलेलं नसावं. तरी आदल्या दिवशी घरी तपासून पाहिला... निमूट चालला.

परवा पोचल्यावर कॅमेऱ्याची बॅग टेबलावर ठेवून मी ताईच्या साड्यांच्या घड्या घालायला आत गेले. बाहेर आले तर अनंतची पूजा आटोपली होती. हा माझा भाऊ. उभं आयुष्य मशीन शॉपमध्ये गेलं, निवृत्तीनंतरही खंडेनवमी सोडत नाही. पाटावर त्याचा व्हर्नियर, हातड्रिल, पाने, स्कूटरची किल्ली, मिक्सर... आणि मधोमध माझा कॅमेरा. रिसीव्हरवर कुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल.

मी आक्षेप घेतला नाही. फूल काढता येतं, असा माझा विचार होता.

जेवणं झाली. कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, ताईला खुर्चीत बसवलं, अनंतला मागे उभं केलं, मी शेजारी बसले. बटण दाबलं... काही नाही. पुन्हा दाबलं... काही नाही.

मग मी शिस्तीत एकेक कारण निकालात काढत गेले. अंतर जास्त असेल, तर जवळ जाऊन दाबलं. चॅनेल जुळत नसेल, तर जुळवला. केबल काढून घातली. हातातल्या रिमोटचा लाल दिवा लागत होता, त्यावरून सेल ठीक आहेत असा निष्कर्ष काढला. रिसीव्हरचा दिवा दिसत नव्हता. पण उजेडात तो दिसत नाही, असं पत्रकातल्या एकमेव सुबोध वाक्यात म्हटलं होतं.

ताईने दोनदा घड्याळाकडे पाहिलं. अनंत सुपारी कातरत शांतपणे माझी धडपड बघत होता. शेवटी म्हणाला, "आज नाही चालायचं ते. सेल काढून ठेवलेत मी."

का, तर पूजा झालेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं. कंपनीत पूजा झाली की मेन स्विच बंद व्हायचा, तो दुसऱ्या दिवशीच चालू. कॅमेरा तर बंदच होता. रिसीव्हरचं बटण सापडलं नाही, म्हणून सेल काढले. आणि हे आधी का सांगितलं नाहीस, तर मी विचारलं नाही म्हणून...

मी मुद्दा मांडला: वस्तू माझी, पूजा तुझी, तुझा नियम मला लागू कसा? तो म्हणाला, "नियम तुला नाही सुमे. मशीनला लागू आहे."

आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलंय, तेव्हा मी त्याच्या नियमात विसंगती शोधू लागले. मिक्सरही आज बंद का, असं विचारलं. हो, म्हणून तर चटणी काल वाटली, म्हणाला. विसंगती सापडेना, आणि मेधाचा फोन आला... निघालेय.

तेव्हा ताई बोलली. आवाज चढवला नाही. "अनंता, देव उद्याही इथेच आहे. मी नाही."

अनंत उठला. पाटावरच्या अक्षता घेऊन कॅमेऱ्यावर वाहिल्या, रिसीव्हर किंचित हलवला. गणपतीची उत्तरपूजा करतात तशी, फक्त त्या एका यंत्राची. मग खिशातून सेल काढून स्वतः बसवले आणि ताईच्या मागे येऊन उभा राहिला. तिच्या खांद्यावर हात ठेवला.

बटण दाबलं... फोटो आला.

तपासला तर ताई आणि अनंत समोर बघतायत, आणि मी मान खाली घालून हातातल्या रिमोटकडे. सदोष फोटो, एरवी मी तो ठेवला नसता. आणखी एक काढू म्हणाले, तर खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. ताईने स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. "तू आहेस ना यात? मग झालं."

फोटो तिला रात्रीच पाठवला. तिघांचे डोळे समोर असावेत, सावली पडू नये, अशा अटी मी घातल्या होत्या; ताईची अट एकच होती, आणि ती पूर्ण झाली...

रिसीव्हरवरचं कुंकू अजून पुसलेलं नाही. पुढच्या खंडेनवमीला मात्र सेल माझ्या पर्समध्ये राहतील.