बेटावरचा वड

तिकिटं काढताना मी तारीख बघितली, तिथी बघितली नाही. चूक एवढीच.

मनमाडला गाडी धरून मद्रास, तिथून अंदमानचं जहाज. ऑफिसच्या एल.टी.सी.चा हा बेत मी तीन महिने आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत, कुणी विचारो न विचारो, सांगत फिरत होतो. मुलांना इगतपुरीला माझ्या आईकडे सोडलं आणि आम्ही दोघं निघालो. जहाजावरच्या दुसऱ्या संध्याकाळी डेकवर उभे होतो. ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं आणि समोर चंद्र वर आलेला, एका कडेनं जरासा चेपलेला. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पण अशा वेळी काय बोलावं हे मला तेव्हाही सुचत नसे. धीर करून म्हटलं, "काय सुंदर दिसतोय, नाही?"

"सुंदर कसला? परवा पौर्णिमा," बायको म्हणाली. मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि माझ्याकडे वळली. "अहो, ज्येष्ठातली! वटपौर्णिमा! आणि मला तुम्ही समुद्रात आणून ठेवलंत?"

पंधरा वर्षांत तिनं वड एकदाही चुकवला नव्हता. एका वर्षी पाय प्लास्टरमध्ये होता, तर रिक्षात बसून तिनं महामार्गावरच्या वडाला सात फेऱ्या घातल्या. सातव्या फेरीला रिक्षावाल्यानंच हात जोडले होते. आता मी डेकवर हात जोडून उभा होतो.

नशिबानं पौर्णिमेच्याच दिवशी जहाज माल उतरवायला एका बेटापाशी थांबलं. चार तास. ज्यांना जंगल बघायचंय त्यांना होडीनं किनाऱ्यावर सोडणार. पहिला भोंगा झाला की परत फिरायचं, दुसऱ्याला जहाज हलणार. बायकोनं खलाशाकडून सुतळीचा गुंडा मिळवला, भटारखान्यातून केळी आणली आणि उपाशीपोटी सगळ्यांच्या आधी होडीत जाऊन बसली. मी पुऱ्या खाऊन मागून गेलो. छत्री मुद्दाम ठेवून गेलो. इगतपुरीचा माणूस मी, मला पावसाचं जंगल काय शिकवणार? पाच मिनिटांत बनियनपर्यंत भिजलो.

वाट दाखवायला वनखात्याचा एक बंगाली रखवालदार होता. बायकोनं त्याला एकच विचारलं, "भैया, इधर वड किधर हय?" मी मध्ये पडून "बरगद, बरगद" केलं. तो हसला. "बरगद तो है दीदी, लेकिन..."

त्या लेकिनचा अर्थ झाडापाशी गेल्यावर कळला. पारंब्या जमिनीत शिरून त्यांचीच खोडं झालेली, त्या खोडांना पुन्हा पारंब्या. आमची अख्खी कॉलनी त्याखाली मावली असती, पाण्याच्या टाकीसकट.

"यातलं मूळ खोड कुठलं?"

"किसको पता, दीदी."

"मग मी सगळ्यालाच घालते," असं म्हणून तिनं सुतळीचं टोक एका पारंबीला बांधलं.

वेली बाजूला करायला काठी घेऊन मी पुढं, सुतळी सोडत ती मागं. दुसऱ्या फेरीत माझ्या लक्षात आलं. "अगं, मीपण फेऱ्या घालतोय! म्हणजे मीही सात जन्म तुलाच मागतोय की काय?"

"तुम्ही चिखलाकडं बघा. मागायचं काम माझं."

तेवढ्यात पाय घसरून मी सुतळी आणि खोड यांच्या मधे जाऊन पडलो आणि तिनं न बघता सुतळी ओढली. कमरेपाशी मी वडाला बांधला गेलो. रखवालदार धावला, पण सोडवण्याऐवजी पोट धरून खालीच बसला. बायकोनं ओठ दाबून पाहिले, पूजेत हसू नये म्हणून. मग तीही मुळावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पंधरा वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मी बांधलेलाच, तरी हसत होतो.

मला सोडवून पुन्हा निघालो, साडेतीन फेऱ्या झाल्या आणि भोंगा झाला.

"अजून साडेतीन राहिल्यात!"

"अगं, जहाज जाईल!"

"दुसरं येईल."

"आठ दिन बाद, दीदी," रखवालदार म्हणाला आणि किनाऱ्याकडं सरळ उतरणारी वाट दाखवली.

तिचं हसू गेलं. एकवार झाडाकडं, एकवार उरलेल्या गुंड्याकडं बघितलं. केळी मुळाशी ठेवली, हात जोडले आणि साडी खोचून अशी धावली की मला गाठता येईना.

होडीत बसलो. ती बेटाकडं बघत पदर पिळत होती. मला राहवेना. "साडेतीन चालतात का गं?"

तिनं माझ्या कानामागची जळू चिमटीत धरून समुद्रात फेकली आणि म्हणाली, "तीन जन्म पक्के. चौथ्यात तुम्हाला अर्ध्यात सोडून जाईन. आणि जाताना तिथी बघून जाईन."