घोटा, गुडघा, कंबर, गळा

माणूस पहिल्यांदा भेटला की लाटाधिपती आधी त्याच्या पायांकडे बघायचा आणि समुद्रात कुठवरच्या पाण्यात उतरायची त्याची लायकी आहे ते ठरवून टाकायचा. घोटा, गुडघा, कंबर किंवा गळा. नाव-गाव नंतर. आयर्लंडमधल्या लिमरिकचा आमचा हा शेजारी एका कारखान्यात इंजिनिअर होता. लाटाधिपती ही पदवी आम्ही दिलेली, आणि ती टिंगल आहे हे त्याला कधी कळलं नाही.

२०२० साली घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायची बंदी होती, तेव्हा या गृहस्थाने तो, मी आणि शेजारचे आणखी दोघे अशा आम्हा चौघांची श्रीलंकेची सर्फिंगची सहल आखली. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर नकाशा उघडून वर्ग भरायचा. वेलिगामाला खाली वाळू, लाट गरीब, तिथे गुडघेवाले आणि कंबरवाले. मिदिगामाला लाट खडकावर फुटते, तिथे गळेवाले. गळेवाला एकच, तो स्वतः. "खडकावरची लाट म्हणजे चेष्टा नाही," असं तो सांगायचा, जणू तो खडक त्याच्या परसातच होता.

मला त्याने घोट्यात टाकलं. घोट्यांना लाटच नव्हती. "तू किनाऱ्यावर शहाळं पी आणि बॅगा सांभाळ. सगळ्यांनी पाण्यात उतरलंच पाहिजे असं नाही." वा रे वा! चार भिंतींत लॅपटॉपसमोर बसून मला वेड लागायची पाळी आली होती. एकदा तरी लाटेवर उभं राहायचं, एवढी एकच गोष्ट मनात धरून मी दिवस ढकलत होते, आणि हा मला बॅगांवर बसवणार!

जुलैत बंदी उठली आणि आम्ही आयर्लंडमधल्याच लहिंचच्या किनाऱ्यावर रंगीत तालमीला गेलो. सोबत त्याची आई होती. मालवणच्या काकू मार्चमध्ये लेकाकडे आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकल्या. लाटाधिपती जाकीट घालून वाऱ्याकडे बोट दाखवत उभा. "वारा चुकीचा आहे. खरा सर्फर वाट बघतो." बाकीचे दोघे पाण्यात उतरून, थंडीने किंचाळत परतही आले. याची वाट बघणं चालूच.

मी थंड पाण्यात घालायचा रबरी वेटसूट भाड्याने घेऊन हट्टाने चढवला होता, पण बसले होते बॅगांपाशीच. काकूंनी विचारलं, "तू गो कित्याक हय बसलंस?"

"मी घोटा आहे, काकू." आणि मी त्यांना सगळी वर्गवारी सांगितली.

त्या हसत सुटल्या. "आणि ह्यो गळो? पाय भिजलो तरी बोंबलत घराक येयचो! अजून पोहूक येणा नाय तेका."

माझं डोकंच फिरलं. बोर्ड उचलला आणि निघाले. मागून हा ओरडतोय, "गुडघा! गुडघ्याच्या पुढे नाही!" दात वाजले, नाकातोंडात पाणी गेलं, दाणकन आपटले, आणि एकदा, फक्त एकदा, एका फेसाळ लाटेवर उभी राहिले. काकूंनी पदर खोचून टाळ्या वाजवल्या. चिरंजीव वाऱ्याकडे बघत होते.

पुढच्या वर्षी त्याला कॅनडात नोकरी लागली. श्रीलंका राहिलीच. जायच्या आदल्या दिवशी तो दारात आला, हातात त्याचा महागडा वेटसूट. कोरा, लेबलसकट. माझ्या जिभेवर टोमणा तयारच होता.

"तुला सैल होईल," तो म्हणाला. "पण तू आता कंबर आहेस."

"आणि तू रे?"

त्याने खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "मी घोटा. पहिल्यापासून."

मी टोमणा गिळला आणि त्याला आत ये म्हटलं.